पिवळ्या पोटावर काळी रेघ: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पानगळ झाली की झाडांचा आडोसा जातो आणि एरवी पानांत दडलेले पक्षी उघडे दिसू लागतात. त्याच सुमारास कुणाचा रंग पालटतो, कुणी परतीच्या वाटेवर असतो, तर वर्षभर गप्प असलेला एखादा पहाटेपासून ओरडू लागतो. त्यामुळे फाल्गुन ते वैशाख या काळात ‘आमच्याकडे कधी न पाहिलेला पक्षी आलाय’ अशी पत्रं भरपूर येतात. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

गॅलरीतल्या जास्वंदीवर अंगठ्याएवढा पक्षी येतो. पोट पिवळं, गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध जाड काळी रेघ, चोच बाकदार. फुलासमोर क्षणभर हवेत थांबून मध पितो. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या अंगावर निळे-काळे डाग पडलेत. हा हमिंगबर्ड आहे का? की आजारी आहे? – वाचक, कोथरूड, पुणे

दोन्ही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात असतात. हा जांभळा शिंजीर, आणि नर. विणीचा हंगाम संपला की नराचा झगमगीत जांभळा-काळा रंग जातो आणि तो जवळपास मादीसारखा पिवळा होतो. फक्त छातीवर ती एक गडद रेघ उरते. थंडी सरू लागली की नवी पिसं येतात. ती अंगभर एकदम येत नाहीत, ठिगळं लावल्यासारखी येतात, म्हणून तुम्हाला डाग दिसतायत. काही आठवड्यांत तो पूर्ण काळा दिसेल आणि उन्हात वळला की जांभळा-निळा चमकेल.

हा पक्षी दुर्मीळ नाही. पण त्याचं हे रंगांतर पुरतं पाहिलेली माणसं फार थोडी आहेत आणि तुमच्या दारात ते आपसूक चाललंय. दर चार दिवसांनी एकाच जागेवरून, सकाळच्या उन्हात एक फोटो घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

गल्लत होते ती दोन जातभाईंशी. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचं पोटही पिवळं असतं, पण त्याचा गळा गडद असतो, पाठ तांबूस-किरमिजी असते आणि पोटावर रेघ नसते. कोकणात आणि घाटाच्या बाजूला लोटेनचा शिंजीरही दिसतो. त्याची चोच ठळकपणे लांब आणि जास्त वाकलेली असते, नराचं पोट तपकिरी असतं. आणि फुलासमोर तरंगणाऱ्या जीवाला मिशा, म्हणजे शृंगिका, दिसल्या तर तो पक्षीच नव्हे, हॉकमॉथ जातीचा पतंग आहे.

रंग चढला की हाच नर स्कूटरच्या आरशाशी भांडू लागेल. आरशातला नर त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. अशा वेळी आरशावर कापडी पिशवी चढवा. खिडकीच्या काचेवर टोचे मारत असेल तर कापड बाहेरच्या बाजूने लावा. आतून पडदा ओढला तर काचेतलं प्रतिबिंब उलट आणखी ठळक होतं.

घरामागच्या काटेसावरीवर रोज सकाळी गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा थवा कलकलाट करतो. हे किती दिवस राहतील? – वाचक, वर्धा

या भोरड्या, म्हणजे पळसमैना. डोकं, पंख, शेपूट काळी आणि बाकी अंग गुलाबी. तुमच्या भागात ज्वारीच्या कणसांवरून ज्यांना हाकलतात त्याच या. शरद ऋतूत मळकट दिसतात, कारण नव्या पिसांच्या कडा फिकट असतात. त्या कडा झिजल्या की खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. म्हणजे त्या सर्वांत देखण्या दिसतात त्या नेमक्या निघायच्या तोंडावर. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे मध्य आशियाकडे परततात. तेव्हा उशीर करू नका.

सकाळी सात ते नऊ ही वेळ गाठा. फुलांत मध भरपूर असतो आणि पक्षी खालच्या फांद्यांवरही येतात. झाडाच्या पूर्वेला उभे राहा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीकडून येईल. पश्चिमेला उभं राहिलात तर सगळे पक्षी काळेच दिसतील. थव्यात एखादा वाळूच्या रंगाचा, पिवळट चोचीचा पक्षी दिसला तर ते भोरडीचंच गेल्या हंगामातलं पिल्लू असू शकतं. आणि भोरड्यांवरच नजर अडकवू नका. त्याच सावरीवर राखी डोक्याची मैना, भांगपाडी मैना, हळद्या, पर्णपक्षी, कोतवाल, टकाचोर असे सगळे येतात. सावर, पांगारा, पळस यांतलं एक फुललेलं झाड घरापासून दोनशे पावलांवर असेल तर वसंतात दूर कुठे जायची गरज नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोर एक आंबा, एक उंबर, बाकी इमारती. कबुतरं आणि कावळे सोडून काही येत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं? – वाचक, डोंबिवली

आधी दाणे टाकणं बंद करा. दाण्याने कबुतरंच वाढतात आणि ती असली की बुजरे छोटे पक्षी फिरकत नाहीत. शिवाय तुम्हाला जे पाहायचेत, माशीमार, शिंजीर, सुभग, फुलटोचा, त्यातलं कुणी धान्य खात नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना खेचून आणतं ते पाणी.

मातीची पसरट परळ घ्या, साधारण ३० ते ३५ सेंमी रुंद. कडेला पाणी जेमतेम १ सेंमी आणि मधे फार तर ४–५ सेंमी असावं. खोल भांड्यात छोटा पक्षी उतरतच नाही, आणि उतरलाच तर बुडायची भीती असते. तुमच्याकडची परळ खोल असेल तर आत खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. प्लास्टिकवर पाय घसरतात, स्टीलचं भांडं तापतं. जागा सावलीची हवी. दोन मोठ्या कुंड्यांमधली झाडी हातभर अंतरावर असावी, म्हणजे पक्ष्याला आधी तिथे बसून अंदाज घेता येतो. परळ घरातल्या मांजराच्या उडीच्या टप्प्यात ठेवू नका.

आता खरी युक्ती. साठलेल्या पाण्यापेक्षा ठिबकणारं पाणी पक्ष्यांना लांबून कळतं. एक लिटरची बाटली परळीच्या दोन-अडीच फूट वर उलटी टांगा. झाकणाला तापवलेल्या टाचणीने भोक पाडा आणि आता वर आलेल्या बुडालाही एक भोक पाडा. हे दुसरं भोक बहुतेक जण विसरतात. मग आत हवा शिरत नाही आणि दहा मिनिटांत ठिबक थांबते. तीन सेकंदांना एक थेंब असा वेग आला तर एक लिटर पाणी दिवसभर पुरतं. बाटली तासाभरात रिकामी होत असेल तर भोक मोठं झालंय, झाकण बदला.

पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा, साबण नको. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज ओतून दिलं की तो प्रश्न उरत नाही. शिंजीर परळीत क्वचितच उतरतो. त्याला ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करायला आवडतं. सकाळी कुंडीतल्या पानांवर पाण्याचा फवारा मारा आणि पाहा.

पाहणाऱ्याने स्वतः कुठे बसायचं हेही महत्त्वाचं. गॅलरीत उभं राहू नका. खोलीतला दिवा घालवून खिडकीपासून सहा-सात फूट आत बसा. अंधारातली हालचाल पक्ष्याला कळत नाही. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी तीन ते पाच या वेळा धरा. पहिले आठ-दहा दिवस फक्त कावळा आणि बुलबुल येतील. धीर धरा, बुलबुलांना बिनधास्त पिताना पाहूनच बाकीचे येतात. दयाळ, शिंपी, चष्मेवाला, नाचण हे आधी येतील. मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरचा एखादा स्वर्गीय नर्तक किंवा झाडीतला नारिंगी डोक्याचा कस्तुर टेकला तर सोसायटीतल्या साऱ्यांना बोलवावंसं वाटेल. बोलवा, पण खिडकीच्या आत.

समोरच्या उंबराकडे तुम्ही पत्रात एका शब्दापलीकडे लक्ष दिलेलं नाही. फळं पिकली की रोज सकाळी दहा मिनिटं तिथे नजर ठेवा. तांबट येईलच. तो चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा आणि गळा पिवळा असतो. नशीब जोरावर असेल तर हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, दिसेल. हरियाल पानांत हलत नाही, मग डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. फळं खाली पडताना दिसली की त्या फांदीवर नजर रोखून ठेवा.

‘पेरते व्हा’ ओरडणारा पावशा शोधायला गेलो की प्रत्येक वेळी शिक्राच दिसतो. – वाचक, सातारा

शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी, पण त्यातले काही ‘शिक्रे’ पावशेच असणार. राखाडी पाठ, खाली तांबूस छटा, पट्टेदार शेपूट, पंख मारत मधेच तरंगत जायची तऱ्हा, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि कलकलाट करून त्याच्या मागे लागतात. फरक डोक्यापाशी पाहा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते. पावशाची चोच बारीक, टोकाला जराशीच बाकदार, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं. शिक्र्याच्या नखांची पकड ठळक दिसते, पावशाचे पाय किरकोळ असतात. फांदीवर टेकला की पावशा शेपूट वर करून डावी-उजवीकडे हलवतो.

आवाज मार्चपासून वाढत जातो. एकेक हाक आधीच्या हाकेपेक्षा चढी, आणि टिपेला पोचून पटकन तुटते. आवाजाच्या दिशेने चालू नका, तो गप्प होतो. जिथे सातभाईंची टोळी असते तिथे थांबा. पावशाची मादी अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते, त्यामुळे तो त्यांच्या आसपासच घुटमळतो.

मोबाइलवरच्या मर्लिन अॅपने आवाज ऐकून आमच्या कॉलनीत एक दुर्मीळ पक्षी असल्याचं सांगितलं. विश्वास ठेवावा का? – वाचक, नाशिक

अॅपने सांगितलेलं नाव हा सुगावा समजा, पुरावा नव्हे. अॅप ध्वनीचा आलेख ओळखीच्या आलेखांशी ताडून पाहतं. पण आपल्याकडे नकला करणारे पुष्कळ आहेत. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. पर्णपक्षी तर एका बैठकीत चार-पाच जातींच्या नकला करतो. अॅप प्रत्येकाचं नाव दाखवतं आणि झाडावर असतो एकटा पर्णपक्षी. त्यात पंखा, पंप, रस्त्यावरचे हॉर्न असले की गोंधळ आणखी वाढतो.

रेकॉर्डिंग किमान अर्धा मिनिट घ्या आणि जपून ठेवा. मग अॅपमधले त्याच जातीचे नमुने ऐका. एकच आवाज जुळून चालत नाही, हाकांमधलं अंतरही जुळलं पाहिजे. आणि पक्षी डोळ्यांनी दिसलाच पाहिजे. दिसला की लगेच पुस्तक उघडू नका. पुस्तकातलं चित्र पाहिलं की आठवणीतला पक्षी त्या चित्रासारखा होऊ लागतो. आधी लिहून काढा: आकार चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार यांपैकी कुणाएवढा, चोच जाड की बारीक, डोळ्यावरून रेघ किंवा भुवई आहे का, शेपटीखालचा रंग, पंखावर पट्टा आहे का, जमिनीवर होता की शेंड्यावर, किती लांबून, कशा उजेडात पाहिला. काय दिसलं नाही तेही लिहा. ‘पाय दिसले नाहीत’ ही नोंद अंदाजाने लिहिलेल्या ‘पाय पिवळे’पेक्षा शंभरपट मोलाची. फोटो काढताना पहिला लांबूनच घ्या, भलेही धूसर येवो, आणि मगच पुढे सरका. अनेकांचा पक्षी दोन पावलं जास्त टाकल्यामुळेच उडालेला असतो.

नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत आणि पक्षी तुमच्या भागात अनपेक्षित असला तर तिथे तपशील विचारतात. तो तुमच्यावरचा अविश्वास नाही. वरचं टिपण तिथे जसंच्या तसं चालतं.

एक विनंती. पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर घरटं सोडून त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो.

आवारातल्या कडुलिंबाच्या ढोलीशी मोठा राखाडी पक्षी फळं आणतो आणि फटीतून आत देतो. चोच मोठी, वाकडी. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायचं ठरलंय. – वाचक, अमरावती

छाटणी आजच थांबवा. तो राखी धनेशाचा नर आहे आणि आत मादी कोंडलेली आहे. ढोलीत शिरल्यावर मादी स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर लिंपून तोंड बंद करते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत असताना तिची उडायची पिसं झडतात. फांदी कोसळली तर तिला उडताही येणार नाही. नर सकाळ-संध्याकाळ घशात उंबर-पिंपळाची फळं साठवून आणतो आणि एकेक काढून देतो. तो दगावला किंवा बिथरला तर आतल्या सगळ्यांची उपासमार होते.

मार्च ते जून हा त्यांच्या विणीचा काळ आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणीही तेव्हाच होते, हे दुर्दैव आहे. सोसायटीला दोन गोष्टी लेखी कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना संरक्षण आहे. शहरात झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जाला ढोलीचा फोटो आणि तारीख जोडा. तरी कुणी ऐकलं नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाहायला मात्र जरूर जा. तीस मीटर लांब, एका जागी बसून, सकाळी सात ते नऊ. खोडाखाली गर्दी नको, फ्लॅश नको. नर शेजारच्या झाडावर येऊन थबकला आणि चोचीत फळ धरून तसाच बसून राहिला तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

छोट्या शंका

*सोलापूर: तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, लाल डोळे, कावळे मागे लागलेले.* ही कोकिळेची मादी. ‘कुऊ’ गाणारा काळा नर असतो. कावळ्याच्या घरट्यात अंडी घालायला ती आलेली असते, म्हणून पाठलाग.

*जळगाव: थव्यात एक पांढरी चिमणी.* वेगळी जात नाही. पिसांत रंगद्रव्य कमी पडलंय. डोळे नेहमीसारखे काळे असतील तर ल्युसिझम, गुलाबी असतील तर अल्बिनिझम. पकडून ‘जपायचा’ विचार मनात आणू नका.

पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? आणलेल्या एका दुर्बिणीत दोन वर्तुळं दिसतात. – वाचक, रत्नागिरी

८×४२ घ्या. ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. हा आकडा जितका मोठा तितकं पहाटेच्या अंधूक उजेडात चांगलं दिसतं. २०×५० ला तो फक्त अडीच आहे, शिवाय हात जरा हलला की चित्र नाचतं. घराजवळ पाहायचं असेल तर आणखी एक तपासा: किती जवळची वस्तू स्पष्ट दिसते? दोन-अडीच मीटरवरचं दिसलं पाहिजे. काही दुर्बिणींना पाच मीटर लागतात, म्हणजे समोरच्या कुंडीतला पक्षी पुसटच राहतो.

दोन वर्तुळं दिसतात कारण नळ्यांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांच्या अंतराशी जुळलेलं नाही. मधला सांधा उघड-मीट करून एकच वर्तुळ होईपर्यंत जुळवा. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी वाट्या आत दुमडा. मग उजवं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. आता डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या नळीवरचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कड्याची ती खूण लक्षात ठेवा, यापुढे फक्त चाक फिरवायचं. एवढं करूनही दोन वर्तुळं राहिली तर आतली भिंगं सरकली आहेत, दुर्बीण परत करा.

कोकणात तिचा शत्रू बुरशी. चामडी पिशवीत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

गेल्या मे महिन्यात अंगणात रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी बधीर होऊन बसला होता. पाणी पाजलं, तरी मेला. यंदा असं झालं तर काय करायचं? – वाचक, चिपळूण

वर्णनावरून तो नवरंग असावा. दक्षिणेकडून तो विणीसाठी मेच्या सुमारास आपल्याकडे येतो, प्रवास रात्री करतो, दमून दिव्यांकडे ओढला जातो आणि काचेवर आपटतो. सकाळी कावळे त्याच्यामागे लागतात. तुम्ही कळवळ्याने पाणी पाजलंत, पण धक्क्यातल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून पाणी नको, दाणे नकोत, भातही नको.

बुटांचा खोका घ्या, झाकणाला पेन्सिलीएवढी आठ-दहा भोकं पाडा, तळाला सुती फडकं घाला. पातळ कापडाने पक्ष्याला पंखांसह हलके धरा, छाती दाबू नका, आणि खोक्यात ठेवून झाकण लावा. खोका अंधाऱ्या, शांत, पंखा नसलेल्या खोलीत राहू द्या. सारखं उघडून पाहायचा मोह टाळा. अंधारात तो लवकर सावरतो. तासा-दोन तासांनी खोका बाहेर नेऊन जमिनीवर ठेवा आणि झाकण काढून मागे या. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा तेवढ्या वेळात उडाला नाही, तर पुन्हा झाकून १९२६ ला कळवा.

सोडताना अंगण किंवा गच्ची निवडू नका, कावळे टपलेले असतात. परसातल्या करवंदीच्या जाळीशी, जिथे खाली पाचोळा आहे, तिथे खोका ठेवा. नवरंग जमिनीवर पाचोळा उलथून किडे खाणारा पक्षी आहे, तो थेट तिकडे धावेल. बरा झाला तर पुढचे काही दिवस पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच बाजूने दोन सुरांची स्वच्छ शीळ येते का, कान देऊन पाहा.